हळदीची पट्टी

भाजीपाल्याच्या धंद्याकडे पाठ फिरवून सरकारी पगारावर बसलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी. अमरावतीच्या दवाखान्यात मागच्या अंगाला जंतू तपासायची एक खोली होती, तिथं मी कामाला होतो. बाप बाजारात वांगी विकता विकता गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमचं पोट्टं रोग पकडते." ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

साठ सालच्या आगेमागे आमच्या खोलीतलं सामान एकेक करून संपत गेलं. विषमज्वराचा जंतू आणि गटारीत, पोटात कुठंही राहणारा एक तसा गरीब जंतू, हे दोघं काचेच्या ताटलीवर सारखेच फिकट दिसतात. पण गरीब जंतूजवळ एक एंझाइम असतं. युरियाच्या नळीत त्याला रात्रभर उबेत ठेवलं की ते युरिया फोडून अमोनिया करतं, आणि नळीतला पिवळा रंग गुलाबी होतो. गुलाबी झालं तर सुटलो. पिवळंच राहिलं तर विषमज्वराची शंका. नेमकी ती रंग दाखवणारी पूड संपली. वर कागदावर कागद पाठवले, पण तिकडून ओ की ठो नाही.

मग मला अक्कल सुचली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. अमोनियानंही तेच व्हायला हवं. मी हळदीत कागद बुडवून वाळवले, पट्ट्या कापल्या आणि नळीच्या तोंडात कापसाच्या बोळ्याखाली एकेक अडकवू लागलो. जमलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि पुढं महिनाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्याच दिवसांत धाकटी बहीण तेल्हाऱ्याहून, सासरहून, एसटीनं आली ती ताप घेऊनच. नऊ दिवस झाले तरी उतार नाही. रक्त तपासायचं सामानही संपलेलं. विषमज्वरावरच्या कॅप्सूल दवाखान्यात मोजक्याच होत्या. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या तपासणीत दिसू द्या, लगेच सुरू करतो." तिच्या शौचाच्या नमुन्यातून ताटलीवर फिकट जंतू उगवले होते; ते दोघांपैकी कोणते, एवढंच ठरायचं होतं. म्हणजे तिचा जीव माझ्या नळीवर होता.

मला पान खायची सवय. बहीण माहेरी असली की सकाळी माझा विडा तीच लावायची. पान खाणाऱ्याला वरून थोडा चुना लागतो, तो ती देठाच्या टोकाला लावून द्यायची, म्हणजे हात खराब होत नाहीत. त्या सकाळीही ती तापात उठून बसली, विडा लावला, देठ हातात दिलं. दवाखान्यात पोचल्यावर देठ तपासणीच्या खोलीत कुठं न्यायचं म्हणून मी दाराशीच चुना बोटावर निरपून घेतला, चाटला, बोट चौकटीला पुसलं. मग आत जाऊन तिच्या नळीत पट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी पट्टी लाल होती. खरं सांगायचं तर वरचं टोक लाल होतं, खालचं पिवळं. अमोनिया खालून येतो, आधी खालचं टोक लाल व्हायला पाहिजे. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला लाल हवं होतं आणि मी लाल पाहिलं. ताटली उकळून फेकली, डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि घरी येऊन सांगितलं, विषमज्वर नाही. बापानं नारळ फोडला. बहिणीनं एवढंच विचारलं, "तू सोताच्या डोयानं पायलं नं?"

"पायलं."

"मंग बरोबरच असन."

डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी तिला रक्ताचे जुलाब झाले. तिला दवाखान्यात आणलं, तेव्हा माझ्याकडे न बघता डॉक्टर म्हणाले, "पुन्हा तपासा." मी पट्ट्यांची डबी उघडली. सगळ्यात वरच्या पट्टीवर बोटाचा लाल ठसा होता. माझ्याच बोटाचा, चुन्याचा; हळद चुन्यानंही लालच होते. पळत जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गुपचूप कॅप्सूल सुरू केल्या. पण आतडं फाटलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

जायच्या आदल्या दुपारी बाप व्हरांड्यात बसला होता आणि मी तिच्या खाटेशी. बापाला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिला मात्र सांगितलं. मरणाऱ्या माणसावर आपलं ओझं टाकू नये, एवढीही अक्कल मला उरली नव्हती. चुना, बोट, पट्टी, सगळं सांगितलं. तिनं डोळे मिटूनच ऐकलं. मला वाटलं झोपली. मग हळूच म्हणाली,

"म्या तं देठालेच लावून देल्ला होता चुना. तू बोटावर काहून घेतला, भाऊ?"

आवाजात राग नव्हता. ती फक्त विचारत होती.