वलगावची भाजलेली वांगी

अमरावतीच्या कापूस-बाजारात मी खोटे बोललो, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली. वऱ्हाडात पाहिलेले बाकी काही सांगण्यापूर्वी एवढे सांगणे भाग आहे.

मुलीसाठी स्थळ पाहायला मी पुण्याहून निघालो होतो. अकोल्यापुढे वाट म्हणजे कापसाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला. काळ्या रानात पांढरी बोंडे थेट घरांच्या उंबऱ्याशी भिडली होती. भाजी मात्र दर्यापुरातही मिळेना.

वलगावला आमच्या गाडीचा आस मोडला. देवाजी माळ्याने बैल सोडून आम्हांला आपल्या अंगणात नेले. त्याच्या विहिरीकाठी वांग्यांचे दोन वाफे होते.

"बाकी साऱ्या रानात कापूसच आहे," तो म्हणाला. "पन कापूस का भाकरीसंगं खाता येते?"

मग जरा अडखळत त्याने विचारले, "महाराज, आमच्या घरचं शिजवलेलं तुमाले चालत नाही. पन पान्याचा थेंब न लावता इस्तोवर (विस्तवावर) भाजलं, तं?"

मला भूक लागली होती. मी हो म्हटले.

त्याच्या बायकोने वांगी चिरून त्यांत मीठ, धने आणि ठेचलेल्या हिरव्या मिरच्या भरल्या, वरून तेल चोळले आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) निखाऱ्यांवर ठेवली. साल तडकली, धुराला खमंग वास सुटला. पळसाच्या पानावरचा पहिलाच घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आले.

"दही घ्या, महाराज, नाईतं पुन्यापावतर बोंबलत जासान!" ती हसून म्हणाली. जिरे घालून घुसळलेल्या त्या गार दह्याने जिभेची आग विझली. मी लाज न बाळगता पुन्हा मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला पोचलो; स्थळ तिथलेच होते. मुलाचे वडील मला बाजार दाखवायला घेऊन गेले. देवाजीची गाडी अडत्यापुढे उभी होती. "कापूस भिजवला नाही ना रे?" अडत्या विचारत होता. वजन वाढवायला तसे पुष्कळजण करीत.

"देवाशपथ, कोरडा हाय," देवाजी म्हणाला. इतक्यात मी दिसलो तसा तो फुलला. "महाराज, कालची वांगी जिरली का?"

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले.

"कसली वांगी?" मी म्हणालो. "मी याच्या अंगणात पायही ठेवला नाही."

अडत्या हसला. "बामनानं जेवल्याचं जो खोटं सांगते, त्याच्या कापसाचं काय खरं? ने गाडी माघारी."

देवाजीने बैल वळवले.

लग्न ठरले. परतताना वलगावला थांबलो, तर अंगणात ती गाडी तशीच भरलेली. त्याची बायको मला पाहून आत निघून गेली. मी हात जोडले.

"अथी (इथे) कोन आयकून राहिलं, महाराज?" देवाजी म्हणाला. "बाजारात म्हना."

ठरलेले लग्न मोडेल, हे मला कळत होते. पण मुलीचा संसार याच्या बदनामीवर उभा करायचा कसा? त्याची गाडी जुंपायला लावून मी त्याच्याबरोबर अमरावतीला उलटा फिरलो. मुलाच्या वडिलांना घरून बोलावून आणले. अडत्यापुढे, भरल्या बाजारात, मी मोठ्याने म्हणालो,

"वांगी मी खाल्ली. दही मागून घेतले. खोटा हा नाही, मी आहे. देवाजी, मला क्षमा करा."