लोकाचं रान
भिजलेल्या घोंगडीचा वास आला की गेवराईचं ते व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकातला बाजाराचा दिवस होता. पडद्यावरच्या मातीच्या शर्यतीत मी गाडी उडवत होतो, मागं वर्गातली पोरं उभी होती. मेंढरं विकून मला न्यायला आलेले वडील पावसानं भिजलेली घोंगडी खांद्यावर घेऊन, दारात वहाणा काढून आत आले. तेवढ्यात माझी गाडी रस्ता सोडून हिरव्यात घुसली, तसे ते ओरडले, “आरं, वळव! लोकाचं रान तुडवायलास की!” मेंढरं पिकात गेली म्हणून त्यांनी किती शिव्या खाल्ल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी पोरांसोबत मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, “कुणाचं व्हतं रं ते रान?” आता लेकाची गाडी मोबाइलवर तशीच हिरव्यात शिरते, पण ‘वळव’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.