ट्रिनिटी आणि वाखाचा दोर

लढाईची वर्षे होती. मी मिरजगावात मिशनच्या शाळेवर मास्तर होतो आणि रविवारी प्रार्थना चालवीत असे. लोकांना मी भाविक वाटे. खरे सांगायचे तर त्या दिवसांत माझी स्वतःची प्रार्थना आटून गेली होती, आणि त्याला एक शब्द कारण झाला होता.

तो शब्द ट्रिनिटी. नगरच्या पाद्रीसाहेबांकडून येणाऱ्या इंग्रजी पत्रिकेत पावसाळ्याच्या तोंडापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक रविवार त्याच शब्दावरून मोजलेला असे: ट्रिनिटीनंतरचा पाचवा, ट्रिनिटीनंतरचा बारावा. मी ते हजेरीपुस्तकात सुबक अक्षरात उतरवून घेई. शब्दकोशात अर्थ पाहिला होता, तिघांचे एकत्व. आमच्या मराठीत त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघे, तरी देव एकच, हे मी घडाघडा म्हणू शकत होतो. कळले मात्र कधीच नव्हते. कुणी विचारील या भीतीने मी ते अधिकच मोठ्याने म्हणत असे.

गावाबाहेर सगुणाबाई नावाची म्हातारी सुनेबरोबर घायपाताच्या पानांतून काढलेल्या वाखाचे दोर वळत असे. तिचा मुलगा शांतवन आणि सून मार्था आधीच ख्रिस्ती झाले होते. शांतवन पटकीने गेला आणि आमच्या कबरस्तानात पुरला गेला. तेव्हापासून म्हातारीचे एकच मागणे होते. "मला बाप्तिस्मा द्या, मास्तर. ल्योकाच्या शेजारी निजायचं हाय." बाप्तिस्म्यावाचून तिला तिथे जागा मिळणार नव्हती, आणि साहेबांकडे कुणाचे नाव पाठवायचे हे माझ्या हाती होते.

शाळेच्या ओसरीवर सगळ्यांसमोर मी तिला त्रैक्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "तिगं हायती. एकमेकांबिगर न्हाईती. म्होरलं तुमाला ठाव असंल." ओसरीवरचे लोक हसले. ते तिच्यावर हसले असतील, मला वाटले माझ्यावर. पुढचे मला ठाऊक नव्हते, आणि तिने नेमका तिथेच हात ठेवला होता. उत्तर पाठ नाही या सबबीवर मी तिचे नाव खोडले. साहेब आता वर्षाने येणार होते.

दोन महिन्यांनी ती तापाने अंथरुणाला खिळल्याचे कळले. आठ दिवस मी गेलो नाही. ती मेली तर कुठे पुरतील, हा विचार मात्र फळ्यावर लिहिताना आणि जेवताना पाठ सोडीना. नवव्या दिवशी सकाळी शाळा सुटताच मी निघालो.

पाहतो तो ती उठून कामाला लागलेली. लिंबाखाली तीन पेड ताणून ठेवले होते. मार्था पीळ देणाऱ्या फिरकीशी होती, आणि पेड वेगळे ठेवणारा तीन खाचांचा लाकडी ठोकळा म्हातारीच्या हातात होता. दुसरे टोक एका दगडाला कसेबसे बांधलेले.

"ताप कसा आहे म्हणून विचारायला आलो," मी म्हणालो.

"उतरला. आदी त्ये टोक धरा. सकाळधरनं तिसऱ्या मानसापायी खोळंबलोय. देवाला म्हनलं, कुनाला तरी धाड."

"आन त्यानं मास्तर धाडला," मार्था म्हणाली. "आत्याबाई, जरा नीट मागायचं हुतं."

शांतवन उभा राहायचा त्या जागी मी उभा राहिलो. पीळ चढू लागला की दोर आखडतो. टोकावरच्या माणसाने ओढून धरले तर पेड तुटतो आणि सैल सोडले तर गुंता होतो. ताण तसाच ठेवून, दोर ओढील तसे एकेक पाऊल पुढे जायचे असते. माझे पाय आपोआप तसे चालू लागले. म्हातारीने ठोकळा सरकवता सरकवता माझ्याकडे निरखून पाहिले.

"हात शिकलेला दिसतोय, मास्तर."

माझा बाप खर्ड्याला दोरच वळायचा. मिशनमध्ये मी तो शेतकरी असल्याचे सांगितले होते. हे मी तिला सांगितले. मग हेही सांगितले, की तुमचे नाव मी खोडले ते तुम्हाला उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे, मला येत नव्हते म्हणून.

ती हसली नाही की रागावली नाही. "टोक सोडू नका," एवढेच म्हणाली.

दोर म्हणजे देव, असे मी म्हणत नाही. त्या शब्दाचा अर्थ मला आजही सांगता येणार नाही. पण शेवटच्या पावलाला मी त्या दोघींच्या बराच जवळ आलो होतो, आणि कित्येक महिन्यांनी मनात प्रार्थना आली. तीत शब्द नव्हते.

त्याच दुपारी साहेबांना सगळे लिहिले. माझी नोकरी जाईल असे वाटले होते. पंधरा दिवसांत साहेब स्वतः आले. त्यांनी तिला काहीच विचारले नाही, बाप्तिस्मा दिला. मला म्हणाले, "मास्तर, आता शिकवायला लागा."

दोन पावसाळ्यांनंतर सगुणाबाई गेली. शांतवनशेजारची जागा मोकळी होती. तिला खाली सोडायला मार्थाने घरातलाच दोर आणला, मी तो ओळखला, लिंबाखाली आम्ही तिघांनी वळलेला. एक टोक माझ्या हातात होते. मी ताठ उभा राहिलो नाही. तिचा भार ओढील तसा एकेक पाऊल कडेकडे सरकत गेलो आणि ती लेकाजवळ टेकेपर्यंत टोक सोडले नाही.