शनिवारची लिंबू-मिरची

अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर मी उल्हासनगरच्या दुकानांना दर शनिवारी लिंबू-मिरची पुरवायचा धंदा सुरू केला. जुनी काढायची, ताजी टांगायची, एवढंच काम. पण गिऱ्हाईक टिकेना, म्हणून एका सिंधी कापडवाल्याला मी थाप मारली, "साईं, मध्येच बंद केलं की उलटतं. एकाचं शटर महिन्याभरात पडलं." असा दुकानदार कोणी नव्हताच. ती गोष्ट मात्र बाजारभर फिरली. गिऱ्हाईकं टिकली आणि मीच अडकलो.

मिरच्या बायको ओवते. हातमोज्यात सुई धरवत नाही, त्यामुळे बोटांची आग होते आणि शुक्रवारी ती हात ताकात बुडवून बसते. गेल्या शुक्रवारी म्हणाली, "अहो, एक शनिवार राहू दे ना. बोटं सोलली आहेत."

मी तिच्यासमोरच कापडवाल्याला स्पीकरवर फोन लावला आणि उद्या नाही आलो तर चालेल का, विचारलं. तो म्हणाला, "अरे भाऊ, तूच बोलला था ना, उलटता है? मेरे को काही झालं तर तुझ्या दारात येऊन बसेन!"

खरं सांगितलं असतं तर सगळीच दुकानं सुटली असती. "येतो उद्या," म्हणून मी फोन ठेवला.

बायकोने विचारलं, "खरंच उलटतं का हो?"

मी लिंबांची पाटी पुढे ओढली. तिला ते उत्तर वाटलं.

"मग नको बाई, आपल्याला मुलंबाळं आहेत," म्हणत तिने हात पुसले आणि सुई उचलली. मी खाली मान घालून लिंबं निवडत राहिलो.