आर म्हणजे रिकॉन

आमचे पाक लोंग बाजारात शिरले की कलिंगडवाली आधी आपलं स्टूल ओढते आणि त्यावर आरामात बसून घेते. तिला माहीत असतं, आता हा माणूस ढिगातलं एकेक कलिंगड उचलणार, कानाला लावणार, टिचकी मारणार, डोळे मिटून ऐकणार, आणि सगळं करून शेवटी पहिलं उचललेलंच घरी नेणार.

पाक लोंग म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, काक झहाराचा, म्हणजे झहाराताईचा नवरा. खरं नाव बहारोम, पण ते आता फक्त त्यांच्या ओळखपत्राला माहीत असेल. सगळं गाव त्यांना थोरले काका म्हणून पाक लोंगच म्हणतं. उभं आयुष्य त्यांनी मलेशियातल्या आमच्या मुआरच्या खुर्च्यांच्या कारखान्यात काढलं. काम काय? तर तयार खुर्ची हलवून बघायची, ठोकून बघायची, वर बसून बघायची, आणि डगमगली नाही तर खाली 'पास'ची चिठ्ठी चिकटवून पुढे ढकलायची. जन्मभर नुसते बसून पगार घेतला, असं मी म्हणते. ते म्हणतात, "सू, तुझ्यासारख्या बायका ज्यावर बसून गप्पा मारतात ना, ते मोडत नाही ते माझ्यामुळे."

नोकरी संपली, खोड काही गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची हलवतात. मुलीला बघायला पाहुणे आले, तर नवऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारायच्या निमित्ताने चांगलं दोनदा ठोकून बघितलं आणि आत येऊन माझ्या बहिणीला म्हणाले, "भरीव आहे. पोकळ आवाज नाही." जावई आजही त्यांच्या जवळ बसत नाही.

असा हा माणूस गाडी घ्यायला निघाला, त्याची ही गोष्ट.

झालं असं की आमची काक न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, काठी घेऊन चालायलाही लागली. पण घरची गाडी होती बुटकी, चिमुकली. काक अंगाने माझ्यासारखीच, म्हणजे खात्यापित्या घरची. तिला त्या गाडीत बसवायचं म्हणजे आधी तिला पाठमोरी वाकवायची, मग पाय आत घ्यायचा, मग इकडून पाक लोंगनी ढकलायचं आणि तिकडच्या दारातून मी ओढायचं. दार लागेपर्यंत तिघांनाही घाम फुटायचा आणि काकच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते ती ओढणीच्या टोकाने पुसायची आणि म्हणायची, "काही नाही, घाम आहे."

मग हळूहळू तिने बाहेर पडणंच सोडलं. कुठे निघालो की हिचं आपलं, "तुम्ही जा, मी पीठ भिजवलंय." अहो, ही बाई मुआरच्या दोन्ही तीरांवरचं एकही केंदुरीचं जेवण चुकवत नव्हती! लग्न असो, बारसं असो, मोठ्या पातेल्याजवळ जाऊन पहिला घास चाखायचा मान हिचा. आता खिडकीत बसून मला विचारायची, "रेंडांग कसं झालं होतं?" मी ते नारळातलं सुकं मटण डब्यात घालून आणायचे. ती वास घेऊन म्हणायची, "नारळ कमी भाजलाय." एवढं बोलून डबा बाजूला.

पाक लोंगना मनातलं बोलता येत नाही. कलिंगडाशी बोलतात तेवढंच. पण एक दिवस जेवताना भात कालवत म्हणाले, "नदीपलीकडचा रबराच्या बागेचा तुकडा विकला. सरकत्या दाराची व्हॅन घ्यायची. पायरी खाली असलेली."

तो त्यांच्या वडिलांनी लावलेला रबर. तेवढाच होता. म्हणजे गाडी एकच होणार होती, चुकली तर दुसरी नाही.

नवी कोरी व्हॅन आमच्यासारख्यांच्या आवाक्यात कुठली? आम्ही रिकॉन घेतो. जपानमध्ये कुणीतरी जपून वापरलेली, मग जहाजात बसून इकडे आलेली. पाक लोंग रोज सकाळी कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या दुकानात बसून ज्ञान गोळा करायला लागले. ज्ञान असं मिळालं, की प्रत्येक रिकॉनबरोबर जपानच्या तपासणीचा दाखला येतो. किती पळाली, कुठे खरचटली, दर्जा काय, सगळं त्यात. "दाखला बघितल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते माझ्या कोंबड्यांनाही सांगून टाकलं.

मग आम्ही दोघं मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या दुकानी गेलो. मालक याप. ताउके याप म्हणतात सगळे. गोल चेहरा, बोलणं मऊ, वडीलधाऱ्यांना पाकचिक, म्हणजे काका, म्हणणारा. त्याने एक करडी व्हॅन दाखवली, दाखला पुढे केला.

"दर्जा साडेचार, पाकचिक. चांगली आहे."

"साडेचार? कितीपैकी?"

"पाचाच्या वर सहसा नव्यासारख्याच गाड्या असतात. साडेचार म्हणजे उत्तम."

"मग अर्धा मार्क कुठे गेला?"

"मागच्या बंपरवर एक ओरखडा आहे."

"हं," पाक लोंग म्हणाले. त्यांचं 'हं' मला पाठ आहे. कारखान्यात खुर्ची परत पाठवायच्या आधी ते असंच म्हणत असणार.

एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक पांढरी व्हॅन उभी होती. मोत्यासारखी चमकत होती, छताला दोन काचा, आत खुर्च्या अशा की सुलतानाने बसावं.

"ती दाखवा."

"ती तुमच्यासाठी नाही, पाकचिक," याप म्हणाला.

झालं! असं वाक्य पाक लोंगना ऐकवायचं नसतं. माझ्या बहिणीचं स्थळ त्यांना याच वाक्याने पसंत पडलं होतं. आमचे वडील म्हणाले होते, "ही तुझ्यासाठी नाही."

"का नाही?"

"ती मी गॅरेजवाल्यांना देतो. तिचा दर्जा आर आहे. आर म्हणजे..."

"आर म्हणजे रिकॉन. मला नका शिकवू."

"नाही हो, ऐका तरी..."

"ताउके, मी खुर्च्या पास करत होतो तेव्हा तुम्ही रांगत होतात. दाखला द्या."

दाखल्यावर खरंच दर्जाच्या चौकटीत ठसठशीत आर होता. पाक लोंगनी शुक्रवारचा शर्ट घातलेला, तसेच गाडीखाली आडवे झाले. मी वरून टॉर्च धरला. ते खालून चॅसी नंबर वाचायचे, मी दाखल्यावरून. अक्षर न् अक्षर जुळलं. बाहेर आले तेव्हा शर्टाला काळं ग्रीस आणि चेहरा ईदच्या चंद्रासारखा.

"खरा आहे! दाखला शंभर टक्के खरा आहे!"

दाखला खराच होता हो. तो बिचारा खरं तेच सांगत होता. ऐकायचं कुणाला होतं?

परतताना गाडीत त्यांचं सुरू झालं. "सू, विकणारा माणूस 'घेऊ नका' म्हणतो, म्हणजे काय? कुणा दातुकसाठी राखून ठेवलीय. मोठ्या लोकांना मागच्या दाराने देणार. आणि बघ, बाकी सगळ्यांना नुसते मार्क, हिला अक्षर! शाळेत हुशार मुलांना ए मिळतो ना? मार्क कोण विचारतं?"

"पण एपासून आर फारच लांब आहे हो, पाक लोंग."

"सू, तू गप्प."

मी गप्प बसले. ते मात्र बसले नाहीत. कोपीच्या दुकानात सगळ्यांना सांगून झालं, "माझी आर आहे." लोक म्हणाले, "वा!" त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पण वा म्हणायला काय जातं? दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायरीवर चपला घालता घालता तिघंजण आर या विषयावर अधिकारवाणीने बोलत होते. यापचा फोन आला, पाक लोंगनी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. "भाव वाढवायला बघतोय. मी नाही फसायचा."

घरी त्यांनी काकला फोनवर फोटो दाखवला. तिने छताच्या काचा पाहिल्या नाहीत की सुलतानी खुर्च्या. एवढंच विचारलं, "पायरी किती खाली आहे?"

पाक लोंगचा चेहरा पडला. सगळं तपासलं होतं, पायरीच तपासायची राहिली होती.

मग पैसे भरायच्या दिवशी काक स्वतःच म्हणाली, "मी येते." परत तीच वाकवावाकवी, ढकलाढकली, ओढाओढी. दुकानात पोचलो तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. यापने धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली. पाक लोंगनी ती आधी हलवून बघितली, मग तिला बसू दिलं.

पाक लोंगनी ऐटीत पांढऱ्या व्हॅनचं बटण दाबलं. दार सरकत सरकत निम्म्यावर आलं, "कर्र" केलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा कर्र.

"नवी नवरी आहे, लाजतेय," पाक लोंग म्हणाले आणि खांद्याने दार रेटलं.

काक काठी टेकत उठली. पायरी खरंच खाली होती. तिने एक पाय वर ठेवला आणि तशीच थांबली. त्या दाराकडे बघत होती.

"अबांग, आर म्हणजे काय म्हणालात?"

"रिकॉन. किती वेळा सांगू?"

"आणि ती करडी?"

"तीपण रिकॉन."

"ती काळी?"

"रिकॉन, झहारा. हे दुकानच रिकॉनचं आहे. इथे सगळ्याच रिकॉन!"

"मग आर या एकटीलाच का?"

पाक लोंगनी दाखला काढून डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

काकने पाय खाली घेतला. "अबांग, तुम्ही जरा पाणी प्या. ताउके, तुम्ही सांगा."

याप बिचारा इतके दिवस हेच वाक्य तोंडात धरून बसला होता. "काक, आर म्हणजे ठोकलेली गाडी. जपानमध्ये पुढून जोरात धडकलीय. सांगाडा वाकला होता, तो ओढून सरळ केलाय. वरून रंग सुंदर बसलाय, पण आत काय झालंय ते हे दार सांगतंय ना? माझ्या आईला मी हिच्यात बसवणार नाही. पाकचिकना सांगायला गेलो, फोन केले, पण..."

"पण ते ऐकत नाहीत," काक म्हणाली. "मला माहीत आहे. मी चाळीस वर्षं फोन करतेय."

माझ्या जिभेवर तर इतकं काही आलं होतं! एपासून आरपर्यंत सगळी अक्षरं आली होती. पण पाक लोंगकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. यापने दिलेली पाण्याची बाटली हातात तशीच होती, झाकण उघडलेलं नव्हतं. ते निम्म्या उघड्या दाराकडे बघत होते, मग काकच्या पायाकडे.

"झहारा," ते अगदी हळू म्हणाले, "मी तुला यात बसवणार होतो."

"बसले नाही ना," काक म्हणाली. "चला, ती करडी दाखवा. तुमचा अर्धा मार्क कुठे हरवलाय तो बघू."

करड्या व्हॅनभोवती मग पाक लोंगनी जो काही तपास केला! चारी दारं उघडली-मिटली, प्रत्येक खुर्ची हलवली, बसून पाहिली, पत्र्यावर टिचक्या मारल्या. बंपरवरचा ओरखडा यापने दाखवला. पाक लोंगनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा दिसतो तरी." मग चॅसी नंबरसाठी पुन्हा गाडीखाली, पण या वेळी यापलाही सोबत नेलं. मी वरून दाखला वाचत होते, आणि खालून चार पाय बाहेर आलेले, दोन चपलांतले, दोन चकचकीत बुटांतले. आतून आवाज येत होता, "ताउके, आता काही सांगायचं राहिलं असेल तर सांगून टाका." "सांगतो की, पाकचिक. तुम्ही फोन उचलत जा."

दार सरकलं. आवाज नाही, काही नाही.

"ढकलू का?" पाक लोंगनी विचारलं.

"ओढू का?" मी विचारलं.

"कुणी हात लावायचा नाही," काक म्हणाली. काठी माझ्याकडे दिली, दाराच्या दांडीला धरलं, एक पाय ठेवला, मग दुसरा. बसली. नीट टेकून बसली. मग म्हणाली, "ही काच खाली कशी करायची?"

गावात पाक लोंगनी सांगून टाकलं, की मी तुम्हा सगळ्यांची परीक्षा घेत होतो, कुणाला आर कळतो का बघत होतो, आणि तुम्ही सगळे नापास. कुणाला पटलं नाही. आता कोपीच्या दुकानात त्यांना पाक लोंग आर म्हणतात, आणि ते रागावल्यासारखं करतात.

पुढच्याच रविवारी नदीपलीकडे आमच्या मैत्रिणीच्या, मुनाहच्या घरी केंदुरी होती. करडी व्हॅन थेट मांडवाशी लागली. दार सरकलं आणि आमची काक एकटी उतरली, काठी टेकत सरळ मोठ्या पातेल्याकडे गेली. बायका बाजूला झाल्या. मुनाहने बशीत रेंडांग वाढून दिलं. काकने घास घेतला, डोळे मिटले. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नारळ कमी भाजलाय," काक म्हणाली.

मुनाहचं तोंड एवढंसं झालं. बाकीच्या आम्ही हसायला लागलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काय करणार, घाम फार होता त्या दिवशी. मांडवाबाहेर पाक लोंग दोन-तीन जणांना बंपरपाशी खाली वाकवून आपला ओरखडा दाखवत होते.