वर्दीतली धाकटी सून

आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, दिवाळीनंतर तलावाच्या पाळीवर भरते. नवेगाव बांधच्या मानानं आमचा तलाव लहान, पण त्या दिवसांत काठोकाठ भरलेला असतो. सासरी गेलेल्या लेकी परत येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि रात्री नाटक होतं. काही वर्षांपूर्वी बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, यंदाचं नाटक आपण करायचं. विषय दारूबंदी. इन्स्पेक्टरची भूमिका माझ्या आईला मिळाली, कारण धानाच्या रोवणीत तिची हाक शेताच्या चार बांध्या ओलांडून जाते.

घरात मात्र ती धाकटी सून. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सून डोक्यावर पदर घेते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, अंगणात असले की आई मला सांगायची, "बाबू, मोठेबाबाले म्हण, चहा ठेवला." मोठेबाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. सगळं ऐकायचे, आणि मी निरोप सांगेपर्यंत हलायचे नाहीत. मी शहरात नोकरीला लागलो, सुट्टीत घरी येऊ लागलो, तरी हे काम माझ्याकडेच राहिलं.

नाटकाच्या दिवशी दुपारी एका मासेमारानं पाहुण्यांना डोंग्यातून, म्हणजे त्याच्या लहान होडीतून, फिरवून आणायला सुरुवात केली होती. डोंगा आठ माणसांचा. एका फेरीला सोळा जण चढले. पाणी डोंग्याच्या काठापासून चार बोटांवर आलं. पुढच्या टोकाला, मानाच्या जागी, मोठेबाबा बसले होते. मांडीवर त्यांची नात.

"अर्धे उतरा जी, डोंगा बुडंल," डोंगेवाला म्हणाला.

"रोज मासे धरतेस अन् तुलेच भेव वाटून राहिलं का बे?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"ह्याले उतरू दे, मंग मी उतरतो."

"काऊन? मी आधी बसलो ना!"

सरपंच आले. त्यांनी हात जोडून विनंती केली. एकही माणूस उठला नाही. डोंगा जड झालाय हे सगळ्यांना दिसत होतं, असं पुढे प्रत्येकानं मला सांगितलं. पण विनंती सगळ्यांना मिळून केलेली होती. ती शेजाऱ्याला केली आहे, असं प्रत्येकाला वाटलं.

पाळीलगतच्या शाळेत बायका नाटकाचे कपडे घालून पाहत होत्या. गलका ऐकून आई तशीच बाहेर आली. अंगात भाड्याची खाकी वर्दी, पॅन्ट कमरेला नाड्यानं आवळलेली, डोक्यावर टोपी, हातात काठी. तिनं विनंती केली नाही. काठी एका माणसावर रोखली.

"तू. निळा सदरा. उतर."

निळ्या सदऱ्याचा माणूस उतरला. वर्दी भाड्यानं घेऊन, मोटरसायकलला बांधून, सकाळी त्यानंच आणली होती.

"आता तू. मंग तू."

मागची माणसं एकेक करून उतरली. पुढच्या टोकाला मात्र मोठेबाबा बसून राहिले आणि ते बसले म्हणून त्यांच्याजवळचे पाच-सहा जणही. मागचं वजन कमी झालं तसं पुढचं टोक खाली गेलं. पाणी आत येऊ लागलं. नात रडू लागली.

आईचा हात सवयीनं पदरासाठी डोक्याकडे गेला आणि टोपीला लागला. तिनं टोपी काढून सरपंचांच्या हातात दिली.

"तुमीबी उतरा," ती मोठेबाबांना म्हणाली. "पोरीले घेऊन उतरा."

ती त्यांच्याशी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मोठेबाबांनी तिच्याकडे पाहिलं, नातीला खांद्यावर घेतलं आणि गुडघाभर पाण्यात पाय ठेवला. मागोमाग बाकीचे उतरले. डोंगेवाल्यानं पाणी उपसलं. त्यानंतर प्रत्येक फेरीला त्यानं आठच माणसं बसवली.

नाटक रात्री ठरल्याप्रमाणे झालं.

मी बातमीदार आहे, म्हणून विचारत फिरलो. निळ्या सदऱ्याचा माणूस म्हणाला, "वर्दी खोटी हाय हे मलेच सगळ्यात जास्त ठाऊक होतं गा. पन तिनं काठी माह्याकडं केली, अन् पाय उचललाच." इतरांचं उत्तर थोड्याफार फरकानं हेच होतं. तोपर्यंत मी समजत होतो की वर्दीवर विश्वास असतो म्हणून माणूस ऐकतो. इथं विश्वास कोणाचाच नव्हता. त्यांना कोणीतरी नेमकं आपल्याला सांगायला हवं होतं.

मोठेबाबा म्हणाले, "इन्स्पेक्टरनं सांगतलं, उतरलो."

पण टोपी तर तेव्हा सरपंचांच्या हातात होती, मी म्हणालो.

"पाह्यलं मी," ते म्हणाले.

त्या दुपारचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. आईचा आहेच, मोठेबाबांचाही आहे. बाकीच्यांना उतरायला वर्दीची सबब होती. मोठेबाबांना ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा अंगणात बसले होते. आई डोक्यावर पदर घेऊन दारात आली.

"बाबू, मोठेबाबाले म्हण..."

"त्याले कायले सांगून राहिली?" मोठेबाबा म्हणाले. "मले सांग."

आई मोठेबाबांकडे वळली.

"चहा ठेवला," ती म्हणाली. "या."

मोठेबाबा उठले.