पुसलेलं कपाळ

सांगलीकडं हळद साठवायला जमिनीत पेवं असतात, विहिरीसारखी खोल. पेव फोडलं की आतली कोंडलेली हवा निवळेपर्यंत कुणी उतरायचं नसतं. साठ सालानंतरची गोष्ट. मालकाला घाई होती, माझे वडील उतरले. दोर लावून वर काढलं तेव्हा जीव होता, पण छाती गेली ती गेलीच. मग दोन्ही वेळा चूल पेटली असे दिवस आमच्याकडं कमीच.

कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीला विधवेच्या कामाला बाई मिळत नव्हती. नवरा असलेली एकही नटी कुंकू पुसायला तयार होईना. आई तयार झाली. मंगळसूत्र लुगड्याच्या आत कमरेला बांधलं आणि मोकळ्या कपाळानं कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. काम असं केलं की पुढं विधवा म्हटली की तिलाच बोलावणं. नायिकेची आई, नायकाची आत्या, सगळं पांढऱ्या पातळात. जाहिरातीत नाव कधी नाही.

त्या कामावर मी शाळा शिकले. पण गल्लीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. वडिलांचा दमा वाढला तशी आजी, म्हणजे तिची सासू, उघडच बोलू लागली, "कपाळ पुसून येतीस, माझ्या पोराला खाऊन ऱ्हाशील. सोड ते काम."

"सोडते. पोरीचं कॉलेज तुमी करनार व्हय?"

आई बोलली खरी, पण मनानं खचली. पुढचं बोलावणं आलं त्याला तिनं उत्तरच दिलं नाही. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. कॉलेजात जायचं की हळद निवडायला, हे तिच्या त्या उत्तरावर होतं.

त्याच सुमारास आम्ही मेढ्याजवळच्या आमच्या मूळ गावी जत्रेला गेलो. तंबूत सिनेमा होता, आईचाच. मधे दोर, इकडं बायका, तिकडं पुरुष. पडद्यावर आई नवऱ्याच्या मढ्याशेजारी बसली. रडली नाही. पदरानं कपाळ पुसलं आणि त्या डागाळलेल्या पदराकडं नुसती बघत राहिली. तंबू चिडीचूप.

तेवढ्यात शेजारी बसलेली एक म्हातारी आईकडं बोट करून मोठ्यानं म्हणाली, "हीच ती! जित्त्या नवऱ्याचं कुंकू पुसनारी." आणि सुनेला घेऊन लांब सरकली.

दोरापलीकडं वडील उभे राहिले. "आवं म्हातारबाई, हा बघा मी, जित्ता! दमा पेवानं दिलाय, बायकूनं न्हाई!" पुढं खोकलाच लागला.

"मढं उठलं रं गड्या!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा तंबू हसत सुटला.

मला वाटलं, आई सुखावली असेल. घराच्या वाटेवर ती वडिलांवर कडाडली, "आक्खा तंबू माझ्या कामाला गप बसला हुता, आन तुमी मधीच वरडला! फुडचं कुनी बघितलं?"

वडील म्हणाले, "दुसरं कर की. त्येला गप बसतो."

मागनं आजी येत होती. सगळं तिच्या कानावर पडत होतं.

सांगलीला आल्यावर आईनं कंपनीला येते म्हणून कळवलं. ती निघाली तेव्हा आजीनं कुंकवाचा करंडा तिच्या पिशवीत टाकला. "काम झालं की लगीच लाव," एवढंच म्हणाली.

हळदीकुंकवाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. जाहिरातीत नावही आलं नाही. पण आई काम करत राहिली आणि वडील खोकत का होईना, जगले. मी सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आईचं माहेर-सासर दोन्ही धरून आमच्यात पहिली.